खिशातली स्प्लिट पिन

आमच्या बेळगावजवळच्या येळ्ळुरात निम्म्या लोकांना अजून वाटतंय की मी विमान चालवतो. लग्नाकार्यात कुणीतरी पाहुणा "हा आमचा पायलट" म्हणून ओळख करून देतो आणि मी पण आता ते दुरुस्त करायचं सोडून दिलंय, कारण "नाही हो मामा, मी चाकं आणि ब्रेक बघतो" म्हटलं की समोरच्याचं तोंड एवढंसं होतं आणि पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हंजे पंक्चर काढतोस की काय?" होय, पंक्चर झालेलं चाक पण बघतो. ट्यूब बदलतो, ब्रेकची लायनिंग, म्हणजे घासून झिजणारा थर, बदलतो, पुढच्या चाकाच्या स्ट्रटमध्ये ऑइल आणि नायट्रोजन भरतो आणि दिवसभर लाल ऑइलचे डाग पडलेला बॉयलर सूट घालून सांबऱ्याच्या एअरपोर्टवर हँगरमध्ये विमानाच्या पोटाखाली उकिडवा बसलेला असतो.

हे सगळं आलं आप्पांकडून. आप्पांचं उद्यमबागेत छोटं वर्कशॉप आहे, एक लेथ, एक होनिंगचं मशीन आणि हाताखाली दोन पोरं. बेळगाव म्हटलं की बाहेरच्यांना कुंदा आठवतो पण आमच्याकडं घरटी एक माणूस फाउंड्रीत नाहीतर मशीन शॉपला असतो, आणि हायड्रॉलिकचं काम तर इथं लोकांच्या हातात बसलंय. आप्पा जेसीबीचे आणि ट्रॅक्टर ट्रॉलीचे सिलिंडर दुरुस्त करतात. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायचो, ते रॉड पुसायचे आणि अंगठ्याचं नख त्याच्यावरून आडवं फिरवायचे आणि म्हणायचे, "नखाला लागलं की सील टिकणार न्हाई बघ." मायक्रोमीटर होता, पण तो गिऱ्हाइकाला दाखवायला. खरं माप नखाचं.

डिप्लोमा झाला, मग एएमईचा, म्हणजे विमान मेंटेनन्स इंजिनिअरचा कोर्स, मग डीजीसीएचे, म्हणजे सरकारी विमान खात्याचे मोड्यूल, एकेका विषयाचे पेपर, ते सगळं सांगत बसत नाही, ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे किती केस गळतात. पहिली नोकरी लागली ती एका मोठ्या शहरात, व्हील अँड ब्रेक शॉपमध्ये. म्हणजे विमान तिथं येतच नाही, नुसती चाकं येतात. ट्रकमधून चाकं यायची, सुटी करायची, टायर काढायचा, रिम धुवायची, तपासायची, नवीन टायर चढवून परत पाठवायची. दोन वर्षं मी विमानतळाच्या इतक्या जवळ काम केलं आणि विमानाला हात लावला नाही.

पण शिकायला मिळालं ते तिथंच. पहिल्या दिवशी सुपरवायझरनं एकच गोष्ट सांगितली, आणि त्या आठवड्यात शंभर वेळा विचारली. चाक आलं की पहिल्यांदा काय करायचं? वारं सोडायचं. बोल्टला हात लावायच्या आधी वारं सोडायचं, वॉल्व्हचा कोअर काढायचा आणि मग पुढं. एअरबस ए३२० च्या मागच्या चाकात २०० पीएसआयच्या आसपास प्रेशर असतं, आपल्या कारमध्ये असतं ३०-३२. आणि ते चाक दोन अर्ध्यांचं असतं, दोन्ही अर्धे बोल्टनी आवळलेले. आत प्रेशर असताना कुणी बोल्ट सोडले तर ते दोन तुकडे तोफेच्या गोळ्यासारखे सुटतात. म्हणून टायर भरताना सुद्धा चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवायचं आणि आपण लांबून नळी धरून भरायचं.

आणि भरायचा तो नायट्रोजन. हे मला आधी नुसतं पुस्तकात पाठ होतं, नायट्रोजन ड्राय असतो, इनर्ट असतो वगैरे. मग ट्रेनिंगमध्ये ३१ मार्च १९८६ ची गोष्ट सांगितली, मेक्सिकानाचं बोईंग ७२७. ब्रेक तापलेला होता आणि टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली होती, चाक आत घेतल्यावर टायर फुटला, आग लागली, १६७ लोक गेले. दुसरी गोष्ट ११ जुलै १९९१ ची, जेद्दाहून उडालेलं डीसी-८, त्यात तर टायरमध्ये नुसतं प्रेशर कमी होतं. कमी वाऱ्याचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो, शेजारच्या टायरवर लोड येतो, मग दोन्ही गेले आणि जळता टायर तसाच पोटात घेतला गेला. २६१ लोक. वारं भरायचं राहिलं एवढीच गोष्ट. आमच्याकडं सायकलीत वारं कमी असलं तर आपण काय करतो, तसंच दामटवत घरी येतो की.

तिथं स्कायड्रॉल पण पहिल्यांदा बघितलं. जांभळ्या रंगाचं हायड्रॉलिक ऑइल, दिसायला कोकम सरबत, आग लवकर पकडत नाही म्हणून मोठ्या विमानात वापरतात. पण कातडीला लागलं की अशी आग होते की विचारू नका. ग्लोव्ह्ज होते, गॉगल होता, पण मी ब्रेकचा पाइप सोडताना बाही वर सारलेली आणि मनगटावर ओघळ आला, धुतला, विसरलो, आणि मग त्याच हातानं कपाळाचा घाम पुसला तो डोळ्याच्या कोपऱ्यात गेला. पंधरा मिनिटं नळाखाली डोळा उघडा धरून उभा होतो. खिशातल्या बॉलपेनला पण लागलं होतं, संध्याकाळपर्यंत पेन चिकट होऊन खिशाला बसलं.

सुट्टीला घरी आलो तेव्हा आप्पांना हे सगळं सांगितलं. म्हटलं छोट्या विमानात लाल ऑइल असतं, मिनरल, आणि मोठ्यात हे जांभळं, आणि एकात दुसरं चुकून पडलं तर सगळी सिस्टीम उघडावी लागते. आप्पा चहा पीत होते. मान वर न करता म्हणाले, "सील फुगत असतील की मग." मला हे शिकायला अख्खं मोड्यूल लागलं होतं. सील ज्या ऑइलसाठी बनवलंय तेच त्याला चालतं, दुसरं पडलं की फुगतं नाहीतर विरघळतं. ते विमानात कधी बसलेले नाहीत अजून.

दोन वर्षांनी परत आलो. कारणं बरीच, भाडं, आईची गुडघेदुखी, आणि खरं सांगायचं तर तिथलं जेवण. सांबऱ्याला पायलट ट्रेनिंगची छोटी विमानं आली होती, तिथं टेक्निशियन पाहिजे होते. सांबऱ्याचा एअरपोर्ट तसा जुना, १९४२ चा, इंग्रजांच्या एअरफोर्सनं बांधलेला, शेजारी आपल्या एअरफोर्सचं ट्रेनिंग स्कूल आहे म्हणून आमच्याकडच्या पोरांना विमानाचं अप्रूप तसं कमी. १४ सप्टेंबर २०१७ ला नवीन टर्मिनल झालं, रनवे २३०० मीटरचा केला. आणि एवढ्या मोठ्या रनवेवर ही चार सीटची सेसना १७२, जास्तीत जास्त साडेअकराशे किलो वजनाची. पहिल्या दिवशी तिचं चाक हातात घेतलं आणि मला हसू आलं. ए३२० च्या टायरपुढं हे म्हणजे स्कूटरचं चाक. मनात म्हटलं, हे तर डोळे मिटून करीन.

(हे वाक्य लक्षात ठेवा.)

या छोट्या विमानाचं एक आहे, याला मोठं कॉम्प्युटर नाही, ब्रेक किती तापला ते सांगायला सेन्सर नाही, सगळं आपल्याच डोळ्यानं बघायचं. आणि चालवणारी पोरं शिकाऊ. शिकाऊ पोरगं लँडिंगला घाबरतं आणि पेडलवर पाय तसाच ठेवून टेकतं, म्हणजे चाक फिरायच्या आधीच ब्रेक लागलेला, टायर एकाच जागी घासून चपटा होतो. त्याला आम्ही फ्लॅट स्पॉट म्हणतो. कधीकधी एका लँडिंगमध्ये नवा टायर आतल्या दोऱ्यापर्यंत जातो. पोरं येऊन म्हणतात, "सर, विमान थोडं उडतंय पळताना." उडतंय नाही बाबा, तू चौकोनी करून आणलायस त्याला.

पुढच्या चाकाचं दुखणं वेगळं. तिथं स्ट्रट असतो, नळीत नळी, खाली ऑइल आणि वर प्रेशर, ४५ पीएसआय. विमान टेकलं की नळी आत जाते, ऑइल छोट्या भोकातून ढकललं जातं आणि दणका खाऊन टाकतं. सकाळी हँगर उघडला आणि विमान नाक खाली घालून बसलेलं दिसलं की समजायचं, ओ-रिंग, म्हणजे रबरी सीलची कडी, गेली. आणि ओ-रिंग कशानं जाते तर नळीच्या चकचकीत भागावर चिखल वाळतो आणि नळी आत-बाहेर होताना तो सीलला सँडपेपरसारखा घासतो. म्हणून रोज सकाळी कापड ऑइलमध्ये भिजवून ती नळी पुसायची. दोन मिनिटांचं काम, कुणी करत नाही. मी करतो, आणि पुसताना नख आडवं फिरवतो. सर एकदा बघत होते, म्हणाले, "हे कुठल्या मॅन्युअलात आहे?" म्हटलं, "उद्यमबागेच्या."

सर म्हणजे आमचे एएमई, लायसन्सवाले, सही त्यांची. धारवाडकडचे, मराठी बोलतात पण राग आला की कन्नडवर जातात, आणि त्यांचं कन्नड सुरू झालं की आम्ही गप्प.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. जुलै महिना, बेळगावचा जुलै म्हणजे आठ-आठ दिवस सूर्य नाही. विमानं कमी उडतात, मग उघडीप मिळाली की सगळे एकदम उडायला बघतात आणि आमच्यावर गर्दी. एका विमानाची तक्रार आली की डावं पेडल मऊ लागतंय, पार खाली जातंय. गॅरेजच्या भाषेत एअर धरलाय. बघितलं तर लायनिंग पण संपत आलेलं, ०.१०० इंच म्हणजे अडीच मिलिमीटर ही शेवटची मर्यादा आणि आमचं तिथंच घुटमळत होतं. सर म्हणाले, दोन्ही बाजूचं करून टाक, चाकं काढतोच आहेस तर बेअरिंग पण बघ, आणि डावा टायर बदल, सकाळी साडेसहाला पहिलं सोलो, म्हणजे शिकाऊचं पहिलं एकट्याचं उड्डाण, आहे या विमानावर.

दुपारी चारला सुरू केलं. विमान जॅकवर घेतलं, चाकं काढली. डाव्या चाकाचं वारं सोडलं, मगच बोल्ट. नवीन ट्यूबला टाल्कम पावडर लावून टायरमध्ये बसवली, टायरवर लाल ठिपका असतो, ती टायरची हलकी बाजू, तो ट्यूबवरच्या खुणेसमोर आणायचा म्हणजे चाक फिरताना थडथडत नाही. मग दोन अर्धे जोडताना ट्यूब मध्ये चिमटायला नको, म्हणून थोडंसं वारं आधी भरून तिला गोल करून घ्यायची. बोल्ट आवळायचं टॉर्क, म्हणजे किती जोर लावायचा ते, त्या चाकावरच लेबलवर लिहिलेलं असतं, त्याच्यापुढं आपलं मनगट चालवायचं नाही. हे मला फार जड गेलं होतं सुरुवातीला. आप्पांनी पाना कसा धरायचा, किती "कटक" आलं की थांबायचं हे हाताला शिकवलं होतं, आणि इथं टॉर्क रेंच टिक म्हणाला की थांब, तुझं मत कुणी विचारलं नाही.

लायनिंगचे जुने रिव्हेट काढून नवीन मारले. बेअरिंग धुतली, उजेडात फिरवून रोलर बघितले, निळसर डाग नाही, खड्डा नाही, तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगची कड त्यात दाबत दाबत भरली. हे काम मला सगळ्यात आवडतं, एका बाजूनं दाबलं की दुसऱ्या बाजूनं रोलरच्या फटीतून ग्रीसच्या शेवया बाहेर येतात, त्या सगळीकडून सारख्या आल्या की झालं.

मग चाक बसवायचं. एक्सलवर चाक, वर नट. हा नट गच्च आवळायचा नसतो, चाक फिरवत फिरवत आवळायचा आणि बेअरिंग जरा ओढ घेऊ लागलं की थांबायचं, मग मागं फिरवून जवळच्या खाचेला आणायचा, खाच आणि एक्सलचं भोक एका रेषेत आलं की त्यातून स्प्लिट पिन घालायची आणि तिचे दोन्ही पाय वाकवायचे. मॅन्युअल तिला कॉटर पिन म्हणतं, आपल्याकडं बैलगाडीवाल्यापासून सगळे स्प्लिट पिन म्हणतात. पाच रुपयाची पण नसेल. पण नट तिच्यावरच थांबलेला असतो. काढलेली पिन परत घालायची नाही, प्रत्येक वेळी नवीन.

डावं चाक झालं. उजव्याचा नट खाचेला आणला, पिन आत सरकवली आणि फोन वाजला. आई.

"काय करूलालास?"

"कामात हाय गं."

"लावणीला माणसं मिळंनात बघ. वाघवड्याच्या बायका येतो म्हणालत्या, आता न्हाई म्हणतात. तू उद्या सुट्टी काढतोस काय?"

आमचं दीड एकर भात आहे, येळ्ळूर शिवारात, रोप तयार होतं, पाऊस झाला होता, दोन दिवस गेले असते तर रोप म्हातारं झालं असतं. आईचं बरोबर होतं. मी मान खांद्याला लावून फोन धरला आणि एका पोराला फोन करतो, दुसऱ्याला विचारतो असं बोलत बोलत उठलो, हात पुसले, दोघातिघांना फोन लावले, सुळग्याची चार माणसं मिळाली. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. परत आलो तर हेल्परनं ट्रे आवरून ठेवला होता. मी हब कॅप, म्हणजे नटावरचं झाकण, लावली.

मग ब्रेकचं ब्लीडिंग. खालून, म्हणजे चाकाजवळच्या निपलमधून लाल ऑइल दाबत वर मास्टर सिलिंडरपर्यंत न्यायचं, हवा वर जातेच तर तिला वरच्या वाटेनंच घालवायची. बुडबुडे थांबले, पेडल दगडासारखं कडक झालं. रात्री नऊला सर आले, टॉर्चनं सगळीकडं बघितलं, पेडल दाबलं, कागद बघितले, सही केली. सर सकाळी सहापासून होते. नवीन लायनिंग एकदा तापवून घ्यायचं असतं, १७०० आरपीएमवर ब्रेक धरून सावकाश साधारण १५०० फूट टॅक्सी करायची आणि मग थंड होऊ द्यायचं, तर ते सकाळी फ्लाइटच्या आधी करायचं ठरलं.

मी गाडी काढली, मुतग्यावरून गांधीनगर, तिथून जुन्या पीबी रोडनं वडगाव, पाऊस सुरूच. घरी आलो, आईनं भाकरी आणि झुणका ठेवला होता. बॉयलर सूट धुवायला टाकायच्या आधी खिसे रिकामे केले. चिंधी, दोन वॉशर, मार्कर आणि एक स्प्लिट पिन.

नवी कोरी. पाय सरळ.

तिथंच मोरीत उभा राहिलो. जुनी असती तर पाय वाकडे असते, ही वापरलेलीच नव्हती. मग ही कुठली? मी आठवायला लागलो आणि मला तेव्हा कळलं की मला काहीच आठवत नाही. म्हणजे आठवतंय, पिन घातली, पक्कडीनं पाय वाकवले, अगदी समोर दिसतंय. पण ते आजचं का परवाचं? आठवड्यात चार-पाच चाकं बसवतो मी, सगळ्यांचा नट तसाच, खाच तशीच. डोक्यात एकच चित्र आहे आणि त्याच्यावर तारीख नाही.

दोन शक्यता होत्या, एक म्हणजे ही जास्तीची होती, दुसरी म्हणजे एका चाकात पिन नाही. आणि सकाळी साडेसहाला एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी पहिल्यांदा एकटी ते विमान घेऊन वर जाणार होती.

आईनं विचारलं, "जेवतोस न्हवं?" मी म्हटलं थांब. आप्पा बाहेर आले, मी पिन दाखवली, सांगितलं. आप्पांनी ती हातात घेतली, फिरवून बघितली आणि इतकंच म्हणाले, "फोन कर." मला वाटत होतं ते म्हणतील असेल जास्तीची, झोप. त्यांच्या वर्कशॉपला असं झालं की ते हसून म्हणतात, "एक बोल्ट उरला की काम पक्कं."

सव्वादहाला सरांना फोन लावला. नोकरी जाते की काय हे डोक्यात होतंच, खोटं कशाला बोलू. फोन लावायच्या आधी पाच मिनिटं मी असं पण ठरवत होतो की गुपचूप पहाटे जाऊन हब कॅप काढून बघू, सरांना कळायची गरज काय. मग वाटलं, गाडी पंक्चर झाली तर? झोप लागली तर?

सर उचलले, झोपेतला आवाज. मी सगळं सांगितलं. पलीकडं शांत. मग, "एनातो मारायाऽ", आणि पुढं बरंच कन्नड, ते इथं लिहीत नाही. मग एकदम शांत मराठीत, "आत्ता येऊ नको पावसात. मी नाइट ड्युटीला फोन करतो, विमानाला लाल टॅग लावायला सांगतो. तू पाचला ये. ती पिन घेऊन ये." आणि ठेवायच्या आधी, "जेव आधी."

पावणेपाचला पोचलो. सर माझ्याआधी येऊन स्टूलवर बसलेले. विमानाच्या दारावर लाल टॅग, म्हणजे उडवायचं नाही. स्टोअरचं रजिस्टर त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं, माझ्याच अक्षरात, स्प्लिट पिन, तीन नग. चाकं दोन. तीन कशाला घेतल्या हे पण मला आठवत नव्हतं, एक हातातून पडली तर असावी म्हणून घेतली असणार, तशी सवय आहे.

डाव्या चाकाची हब कॅप काढली. पिन होती, दोन्ही पाय नीट वाकलेले. माझा श्वास सुटला, म्हटलं चला, जास्तीचीच होती. सर काही बोलले नाहीत, टॉर्च उजवीकडं नेली.

उजव्यात पण पिन होती. भोकात आरपार. पण तिचे पाय सरळ होते. मी आत सरकवली होती आणि फोन घेतला होता, एवढंच. वाकवलीच नव्हती.

सरांनी बोटानं पिनचं डोकं धरलं आणि ती अलगद बाहेर आली, लोण्यातून आल्यासारखी. त्यांनी ती आणि मी आणलेली, दोन्ही शेजारीशेजारी स्टूलवर ठेवल्या. हुबेहूब सारख्या. खिशातली पिन निर्दोष होती, तिचा या सगळ्याशी काही संबंधच नव्हता, पण ती सापडली नसती तर मी आलो नसतो.

"मी काल टॉर्च मारली होती इथं," सर म्हणाले, "हब कॅपवर."

कॅप लावायच्या आधी मी त्यांना बोलवायला पाहिजे होतं आणि त्यांनी कॅप काढून बघायला पाहिजे होतं. दोघांनाही ते माहीत होतं. ह्युमन फॅक्टर्सचा पेपर मी पहिल्या झटक्यात पास झालोय, त्यात डर्टी डझन म्हणून बारा गोष्टी असतात ज्यांच्यामुळं मेंटेनन्समध्ये चुका होतात, १९९३ साली कॅनडात गॉर्डन ड्युपाँट यांनी काढलेली यादी. त्यातली एक डिस्ट्रॅक्शन, लक्ष दुसरीकडं जाणं. आणि तिच्यावरचा उपाय पण पाठ होता, कामात कुणी अडथळा आणला तर परत आल्यावर तीन स्टेप मागं जाऊन तिथून सुरू करायचं. दोन मार्कांचा प्रश्न होता, दोन्ही मिळाले होते.

नवीन पिन घातली, पाय वाकवले. सर म्हणाले, "डावी पण काढ." ती बरोबर होती तरी. दोन्ही चाकं पहिल्यापासून, नट सोडून, फिरवून, खाचेला आणून. सर समोर बसून बघत होते. मग त्यांनी रिपोर्टचा कोरा फॉर्म माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाले, तू लिही, माझं पण नाव घाल. मी लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट अक्षर आहे ते. फोन आल्याचं लिहू का म्हणून विचारलं तर म्हणाले, तेच तर लिहायचं आहे.

टॅक्सी करून लायनिंग तापवलं, थांबलो, थंड झालं. पावसाची भुरभुर थांबली पण ढग खाली, सोलो साडेआठला झालं. ती मुलगी उतरून हसत हसत आली, सगळ्यांनी तिच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं, पहिल्या सोलोनंतर तशी पद्धत आहे. लँडिंग मस्त होतं. पायपण पेडलवर नव्हता, टायर बघितला मी नंतर.

माझ्यावर कारवाई म्हणाल तर एक आठवडा माझं प्रत्येक काम दुसऱ्यानं तपासायचं असं झालं, आणि हँगरमध्ये फोन लॉकरला ठेवायचा नियम आला, त्याबद्दल पोरं मला अजून शिव्या देतात. मी घरी जायच्या आधी खिसे उलटे करून ट्रेमध्ये झटकतो. एक्सलजवळ काम करताना कुणी हाक मारली तर हातातलं तसंच सोडत नाही, मार्करनं चाकावर एक रेघ मारतो आणि मग उठतो, परत आलो की ती रेघ दिसते.

लावणी त्याच दिवशी सुळग्याच्या माणसांनी केली. मी दुपारी शिवारात गेलो तेव्हा निम्मं झालं होतं. आईला अजून नीट कळलं नाही नक्की काय झालं, पण आप्पांनी काहीतरी सांगितलंय तिला, कारण आता माझा लंच ब्रेक असतो तेव्हाच फोन येतो आणि मी उचलला की पहिलं विचारते, "हातात काय न्हाई न्हवं?"